एकतीस नंबरची सावली

बाग हातात आल्यावर तिसऱ्याच दिवशी नीता टिपणीसचं शेजारणीशी वाजलं, आणि तेही कुंपणावरून.

डार्मश्टाटच्या कडेला, जिथे शहर संपून बीच झाडांचं जंगल सुरू होतं, तिथे साठेक छोट्या बागांची एक वसाहत आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वर्षाच्या भाड्यानं जमिनीचा तुकडा घ्यायचा, भाजी लावायची, फुलं लावायची आणि रविवारी तिथल्या लाकडी खोपटापुढे बसून कॉफी प्यायची. क्लाइनगार्टन म्हणतात त्याला. तीन वर्षं यादीत थांबल्यावर नीताचा नंबर लागला. वसाहतीच्या संघाचे अध्यक्ष हेर वेंडेल किल्ली घेऊन आले आणि तिला एकतीस नंबरच्या फाटकापाशी घेऊन गेले. दक्षिणेकडचा अगदी शेवटचा तुकडा. तारेपलीकडे तीन अवाढव्य बीच. सकाळी दहापर्यंत ऊन, पुढे दिवसभर सावली, आणि पायाखाली दोन वर्षांचा न झाडलेला पाचोळा.

"हा कुणी घेतला नाही वाटतं," नीता म्हणाली.

"चार जणांनी पाहिला. चौघांनाही ऊन हवं होतं."

"आणि आम्ही उन्हाच्या देशातले, आमचं काय, आम्हाला सावली चालेल. असंच ना?"

वेंडेल ओशाळले. तिनं सही केली.

तिसऱ्या दिवशी ती पाचोळा ओढत असताना हेजच्या, म्हणजे झुडपांच्या कुंपणाच्या, वर एक डोकं आलं. सत्तरी ओलांडलेली बाई, पांढरे केस कानापर्यंत कातरलेले, हातात सुतारांची घडीची पट्टी. गुटन टाग नाही, नाव सांगणं नाही.

"एक मीटर पंचवीस," बाई म्हणाली.

"काय?"

"हेज. नियमाप्रमाणे एक मीटर पंचवीस. तुमच्या बाजूनं एक चाळीस आहे."

"मी परवा आलेय इथे."

"हेज परवाची नाही."

ही तीस नंबरची फ्राऊ हाइलमान.

आता दुसरी एखादी असती तर हसून कात्री शोधली असती. पण नीता ही नाकावर माशी बसू न देणारी बाई. ठाण्याच्या नौपाड्यातली. चोवीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर, प्रतापबरोबर, इथे आली आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागली. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचे आणि त्या दुरुस्त होईपर्यंत पाठ सोडायची नाही, हे काम तिनं अठरा वर्षं केलं. मग एका सोमवारी साहेबानं सांगितलं की तिचा विभाग बंद होतोय, काम पुण्याला जातंय. पुण्याला! चार महिने तिनं रोज सकाळी व्हिडिओवर बसून पुण्यातल्या पोरांना स्वतःचं काम शिकवलं. पोरं गोड होती, 'नीता मॅम, नीता मॅम' करायची. ती एकदाही त्यांच्याशी धड बोलली नाही. त्यानंतर मुलगी अन्वी शिकायला आखनला गेली, प्रताप दिवसभर ऑफिसात, आणि नीताकडे भांडायला कुणी उरलं नाही. बाग तिनं फुलांसाठी घेतली असं ती सांगायची. तिला बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्या दिवशी तिनं हेज कापली. स्वतःची पट्टी आणून मोजून कापली, आणि मग पलीकडे डोकावून म्हणाली, "तुमच्या बाजूनं एक सत्तावीस आहे."

इथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. दुपारी एक ते तीन शांततेची वेळ. तीनला दोन मिनिटं कमी असताना नीतानं फावडं आपटलं की पलीकडून घड्याळ दाखवलं जायचं. फ्राऊ हाइलमानच्या भोपळ्याचा वेल एक वीत अलीकडे आला की नीता तो कापून, नीट घडी करून, तिच्या फाटकावर ठेवायची. दोघी एकमेकींना शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत होत्या. जर्मन माणूस गळा दाबतानाही 'झी' सोडत नाही, असं नीता प्रतापला सांगायची.

"अगं, म्हातारी एकटी आहे, सोडून दे ना," प्रताप म्हणायचा.

"एकटी आहे म्हणून मोजपट्टी घेऊन फिरायचं?"

पहिल्या मार्चमध्ये, बीचच्या पाचोळ्याखाली, तिला तीन गड्डे सापडले. सुरकुतलेली हिरवी पानं, आणि त्यांच्यात जमिनीला टेकून फिकट जांभळी फुलं. एकेका फुलात इतक्या पाकळ्या की जणू कुणी बोटाच्या पेराएवढे गुलाब करून ठेवलेत. ठाण्याच्या सोसायटीत डबल तगर होती, तसलंच काहीतरी. बाजारात दर वसंतात मिळणारी प्रिमेलची भडक रोपं तिनं पाहिली होती, पण ही त्यांच्यातली वाटत नव्हती. मोबाइलमधल्या अॅपनं 'गुलाब' म्हणून सांगितलं. तिनं त्या अॅपला एक स्टार दिला आणि एक फूल डबीत घालून शनिवारच्या रोपांच्या बाजारात गेली.

तिथे हेर ओट नावाचे एक म्हातारे रोपवाले होते. त्यांनी डबी उघडली आणि चष्मा पुसला.

"कुठे मिळालं?"

"माझ्या बागेत. सावलीत."

"जुनी डबल प्रिमेल आहे ही. माझ्या आजीच्या वेळी खेड्यातल्या प्रत्येक बागेत असायची. आता शोधून सापडत नाही." त्यांनी फूल उलटं करून दाखवलं. "हिच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्यात. बी धरत नाही. दोन-तीन वर्षांनी, फुलं संपली की, गड्डा उपटायचा, हातानं सोडवायचा आणि ताज्या मातीत पुन्हा लावायचा. नाही केलं तर म्हातारी होऊन मरते. जगात जितकी आहे तितकी कुणाच्या तरी हातानं वेगळी केलेली आहे."

"ऊन?"

"दुपारचं ऊन म्हणजे मरण. आणि एक ऐका, दोघांना तरी द्या. तुमची मेली तर मागायला जागा राहते."

दोघांना कुणाला द्यायची, हा प्रश्न नीताला पडलाच नाही. तिला वेगळाच आनंद झाला होता. ज्या सावलीला चार जणांनी नाकारलं, तिथेच ही प्रिमेल टिकून होती. मे महिन्यात तिनं यूट्यूब पाहत गड्डे उपटले, बादलीत मुळं धुतली, मुळांसह पानांचं एकेक डोकं सोडवलं, पानं अर्धी छाटली आणि बीचच्या पानांचं काळं खत घालून लावली. पहिल्या खेपेला निम्मी मेली. तिनं वहीत नोंद केली, चूक शोधली. रोपं वर राहिली होती, मान मातीबाहेर होती. पुढच्या मे महिन्यात दोन बोटं खोल लावली. गोगलगायी संध्याकाळी हातानं वेचल्या. मुळं खाणारी पांढरी अळी दिसली तेव्हा अख्खा वाफा चाळणीनं चाळला. तिसऱ्या वसंतात तेरा गड्डे फुलले, आणि नीता टिपणीस त्यांच्यासमोर उकिडवी बसून चक्क हसली. कुणी पाहिलं नाही, असं तिला वाटलं.

त्याच वसंतात संघाची वार्षिक सभा होती. फ्राऊ हाइलमान उभी राहिली.

"नियम असा आहे की एक तृतीयांश जागेत भाजी आणि फळं हवीत. एकतीसमध्ये काय आहे? फुलं. नुसती फुलं. दुसऱ्या लेखी ताकिदीनंतर बाग काढून घेता येते, हेर वेंडेल. पहिली कधी देताय?"

नीता तयारीनं गेली होती. तिनं कागद उलगडला. सावलीत येणारा पालक, मुळा, लेट्यूस, रुबार्ब, लाल बेरीची झुडपं. प्रत्येक वाफा सेंटीमीटरमध्ये काढलेला. "चौतीस टक्के," ती म्हणाली. "कुणालाही येऊन मोजता येईल. आणि आता नियमांचंच निघालंय तर, खोपटं छपरासकट चोवीस चौरस मीटरच्या वर नको, हाही नियम आहे. तीस नंबरचं खोपटं एकतीस चौरस मीटर आहे. पुढचं छप्पर जास्तीचं आहे. नकाशा सोबत जोडलाय."

सगळ्यांना ते छप्पर माहीत होतं. वीस वर्षं कुणी त्याबद्दल बोललं नव्हतं.

"ते छप्पर हाइन्त्सनं बांधलंय," फ्राऊ हाइलमान म्हणाली. हाइन्त्स म्हणजे तिचा नवरा. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"कुणी बांधलं, हे नियमात विचारलेलं नाही," नीता म्हणाली.

लेखी तक्रार आल्यावर वेंडेलना दुसरा मार्ग नव्हता. जूनमध्ये दोन माणसं आली आणि सकाळभरात छप्पर उतरवलं. फ्राऊ हाइलमान खुर्ची टाकून समोर बसून होती. नंतर ती खुर्ची तिथेच राहिली, उघड्या उन्हात. नीतानं घरी येऊन प्रतापला सगळं सविस्तर सांगितलं. प्रतापनं ऐकून घेतलं आणि ताट तसंच ठेवून उठला.

ऑगस्टमध्ये दोघं चार दिवस अन्वीकडे आखनला गेली. परत आल्यावर दुपारी नीता बागेत गेली तर प्रिमेलचा वाफा उकरलेला. तेरापैकी अकरा गड्डे गायब. रुबार्बच्या मोठ्या पानांखाली झाकलेले दोन तेवढे राहिले होते. तिनं इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ हेजपाशी गेली. पलीकडे, जिथे छप्पर होतं त्या जागी, भर उन्हात, अकरा गड्डे एका ओळीत लावलेले होते, आणि फ्राऊ हाइलमान झारीनं पाणी घालत होती.

"ती माझी रोपं आहेत," नीताचा आवाज चिरकला.

"नाहीत. माझ्या आईची आहेत."

"तुमच्या आईचा काय संबंध? ती एकतीसमध्ये—"

"एकतीसमध्ये माझी बहीण होती. इर्मगार्ड." फ्राऊ हाइलमाननं झारी खाली ठेवली. "आईनं ही माहेराहून, ओडनवाल्डमधून आणली होती. ती गेल्यावर घर विकलं तेव्हा इर्मगार्डनं सगळी उपटून इथे लावली. मी म्हटलं, मला एक दे. म्हणाली, फुलं संपली की घेऊन जा. फुलं संपायच्या आत आम्ही घराच्या पैशांवरून भांडलो. एकोणीस वर्षं ती तिथे, मी इथे, मधे ही हेज. ती मेली तेव्हा मी वेंडेलकडे गेले. तो म्हणाला, जे आहे ते पुढच्या भाडेकरूचं. दोन वर्षं बाग रिकामी होती, पण मी कुणाच्या फाटकातून आत गेले नाही. मग तुम्ही आलात."

"मला विचारायचं होतंत."

"तुम्हाला? हाइन्त्सचं छप्पर पाडणाऱ्या बाईला?"

"छप्पर यंदा पाडलं. त्याआधी दोन वर्षं होती!"

"त्या दोन वर्षांत मी वाट बघत होते, तुम्ही कंटाळून जाल याची."

नीताला कळत होतं की ऑगस्टमध्ये उपटलेली प्रिमेल दुपारच्या उन्हात जगत नाही. वरून जुनी चादर बांधली, पाणी कमी केलं, तर कदाचित चारसहा वाचतील. ते वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ओठ मिटले.

"बघू," ती म्हणाली आणि वळली.

त्यानंतर ती रोज गेली. मुळ्याला पाणी घालायच्या निमित्तानं हेजपाशी उभी राहायची. पहिले दोन दिवस पानं दुपारी माना टाकायची आणि संध्याकाळी उठायची. मग उठेनाशी झाली. कडा तपकिरी झाल्या. फ्राऊ हाइलमान घाबरून दिवसातून तीनदा पाणी ओतू लागली, आणि तापलेल्या मातीत इतकं पाणी पडल्यावर डोकी सडायला लागली. नीताला ते लांबून दिसत होतं.

शनिवारी अन्वी आली होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. तिनं हेजवरून एकदा पाहिलं.

"आई, त्या मरतायत. तुला माहितीय ना?"

"माहितीय."

"मग सांग ना त्यांना."

"चोरी करणाऱ्याला वर शिकवू?"

अन्वी तिच्याकडे वळून म्हणाली, "तुला मजा येतेय."

अन्वी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली, एक दिवस आधीच. नीता घरी आली, भांडी घासली, गॅस पुसला, पुन्हा पुसला. मजा येत होती, हे खरं होतं. छप्पर उतरताना आली होती तशीच. आणि चार महिने व्हिडिओवर पुण्याच्या पोरांचे पडलेले चेहरे बघताना आली होती तशी. हे तिला पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

सोमवारी ती शेतीच्या दुकानातून हिरवी जाळी आणि चार काठ्या घेऊन बागेत गेली. यावेळी हेजपाशी न थांबता फिरून तीसच्या फाटकाशी गेली. वाफा सपाट होता. सगळं उपटून, दाताळ्यानं ओढून, साफ केलेलं. फ्राऊ हाइलमान उन्हात खुर्चीवर बसली होती. तिनं जाळीकडे पाहिलं.

"आज आणलीत?" ती म्हणाली. "आठ दिवस हेजवरून बघत होतात. मला दिसत होतात तुम्ही."

नीता जाळी घेऊन परत आली.

शरदात फ्राऊ हाइलमाननं बाग सोडली. गुडघे चालत नाहीत, असं तिनं कागदावर लिहिलं. वेंडेलनी नीताला विचारलं, तीस नंबर हवा का, ऊन भरपूर आहे. नीता नको म्हणाली. तीसमध्ये एक तरुण जोडपं आलं. त्यांनी हेज दीड मीटर वाढू दिली आणि जाता-येता हात हलवत राहिले. नीतानं पट्टी काढली नाही.

रुबार्बखालचे दोन गड्डे पुढच्या वसंतात फुलले. मे महिन्यात तिनं ते सोडवले. नऊ रोपं झाली. त्यातलं सगळ्यात भरदार तिनं कुंडीत लावलं आणि वेंडेलकडे फ्राऊ हाइलमानचा पत्ता मागितला. "डाटनशुट्स," वेंडेल म्हणाले. कुणाची खाजगी माहिती देता येत नाही. तिनं जुन्या सभेचं इतिवृत्त काढलं. त्यात सगळ्यांचे पत्ते वेंडेलनीच छापले होते.

तो स्टेशनच्या मागचा, चार मजल्यांचा, राखाडी इमारतींचा भाग होता. नीतानं बेल दाबली. भिंतीतल्या जाळीतून आवाज आला.

"कोण?"

"टिपणीस. एकतीस नंबर."

जाळीत नुसती खरखर.

"काय हवंय?"

"काही नको. प्रिमेल आणलीय. तुमच्या आईची."

"नकोय मला."

खरखर बंद झाली. नीता कुंडी हातात धरून उभी राहिली. राग आला, राग आला म्हणून बरंही वाटलं, परत जायला वळली, तेवढ्यात वर दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"वर आणू नका," फ्राऊ हाइलमान ओरडली. "माझी बाल्कनी दक्षिणेला आहे. पुन्हा मारायची का?"

"मग काय करू?"

"कचऱ्याच्या डब्यांच्या मागे उत्तरेची भिंत आहे. ती जागा सगळ्यांची. तिथे कुणी काय लावलं, ते मला माहीत नाही."

नीता डब्यांच्या मागे गेली. ओलसर, काळी, दुर्लक्षित माती होती. प्रिमेलला याहून चांगली जागा शोधून मिळाली नसती. पिशवीत खुरपं होतं. ती गुडघे टेकून बसली. वरून सगळं दिसत होतं.

"खोल!"

"माहितीय मला."

"माहितीय तर खोल का नाही? आई दोन बोटं खोल लावायची."

"दोनच बोटं आहेत!"

"तुमची बोटं बारीक आहेत. अडीच."

नीतानं दात-ओठ खात अजून माती काढली. रोप बसवलं, कडेनं दाबलं.

"इतकं दाबू नका. वीट आहे का ती? पाणी आणलंत?"

"नाही."

"पाण्याशिवाय लावायला आलात," फ्राऊ हाइलमान म्हणाली आणि खिडकी आपटली.

नीता मातीचे हात घेऊन तिथेच बसून राहिली. पाच मिनिटं गेली, सात गेली. मग दाराचा आवाज आला. दार जेमतेम हातभर उघडलं, पायरीवर पाण्यानं भरलेली प्लास्टिकची बाटली ठेवली गेली, दार बंद झालं. आतून आवाज आला, "बाटली परत ठेवा. प्फांड आहे तिच्यावर, दुकानात परत दिली की पैसे मिळतात."

तिनं पाणी घातलं. बाटली पायरीवर ठेवली, बूच घट्ट लावून. दाराच्या काचेमागे कुणीतरी उभं होतं. उरलेल्यांपैकी दोन रोपं तिनं त्याच आठवड्यात हेर ओटना नेऊन दिली आणि एक पार्सल करून अन्वीला पाठवलं, अन्वीच्या वसतिगृहात उत्तरेची खिडकी आहे म्हणून. अन्वीनं फक्त फोटो पाठवला. कुंडी खिडकीत होती.

या मार्चमध्ये नीता त्या बाजूला कामासाठी गेली तेव्हा डब्यांमागे डोकावली. सहा फुलं होती. रोपाभोवती अंड्यांच्या टरफलांचा चुरा गोल टाकलेला, पिवळी पानं काढलेली, पाचोळा बाजूला केलेला. वरच्या खिडकीतला पडदा हलला. नीतानं हात केला नाही, वरूनही कुणी केला नाही.

गड्डा दाट झाला होता. पुढच्या मे महिन्यात तो सोडवावाच लागणार, आणि वरच्या बाईचे गुडघे काही खाली टेकणार नाहीत. म्हणजे पुन्हा इथे यायचं, पुन्हा डब्यांमागे बसायचं, पुन्हा वरून ऐकून घ्यायचं. बसस्टॉपपर्यंत जाताना नीताचं डोकं आत्तापासूनच तापलं होतं. तिनं मोबाइल काढून तारीख टाकली आणि खाली लिहिलं: पाणी घरून नेणे.